गोल गोल निर्दोष

सोलर पॅनेल विकत घेताना मी जेवढं डोकं खाजवलं नाही, तेवढं ती उतरवून घेताना खाजवलं. कागदावर एकच ओळ होती, ‘माल ताब्यात घेण्यापूर्वी तपासून घ्यावा.’ ती वाचली आणि माझ्यातला पेपर तपासणारा मास्तर जागा झाला.

दहा पॅनेल भिंतीला टेकून उभी. एकेकात वीज तयार करणारे १४४ अर्धे कापलेले सेल, म्हणजे एकूण १४४०. टॉर्च, भिंग, वही आणि काळा मार्कर घेऊन मी बसलो. सापडलेल्या दोषाभोवती लगेच गोल करायचा, नंतर वाद नको.

‘‘सगळे बघणार?’’ बायकोनं विचारलं.

‘‘पंचवीस वर्षं टिकायला हवीत.’’

‘‘कोण? पॅनेल की तुम्ही?’’

पहिल्याच पॅनेलमध्ये वरच्या बाजूला एक फिकट, गोलसर, चकचकीत डाग दिसला. दुसऱ्यातही तोच, तिसऱ्यातही नेमका तिथेच. कारखान्याची सरसकट चूक पकडल्याच्या आनंदात मी उन्हासाठी टोपी घातली आणि डाग नाहीसा झाला. ती नोंद मी कुणाच्या नकळत खोडली.

मग रंग. एक सेल निळसर, शेजारचा जवळपास काळा. बसवायला आलेल्या पोराला बोलावलं. तो म्हणाला, ‘‘काका, उजेड परत फिरू नये म्हणून सेलवर एक थर असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ, सत्तर-ऐंशी नॅनोमीटरचा. तो जरा जाड-पातळ झाला की रंग बदलतो. विजेत फारसा फरक पडत नाही.’’

‘‘मग खरा दोष कोणता?’’

‘‘सूक्ष्म तडे. पण ते डोळ्यांना दिसत नाहीत. अंधारात पॅनेलमध्ये करंट सोडला की सेल इन्फ्रारेड उजेड देतात. तो खास कॅमेऱ्यात टिपायचा. तडा गेलेला भाग काळा दिसतो.’’

‘‘मग मी सकाळपासून काय बघतोय?’’

त्यानं सभ्यपणे या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. ‘‘आणि काका, त्या आडव्या पॅनेलवरचा गुडघा काढा. तडे असेच पडतात.’’

मग त्यानं स्वतः तपासायला घेतलं. काच, फ्रेमचे कोपरे, जंक्शन बॉक्स, केबल. काचेखाली बुडबुड्यांची सलग वाट कडेपर्यंत गेलीय का, तेही पाहिलं. तिथून पाणी आत शिरतं म्हणे. पॅनेल पाठमोरी करायचं तर मला सुचलंच नव्हतं. सातव्याच्या मागच्या शीटवर खोल ओरखडा निघाला. ‘‘हे परत,’’ तो म्हणाला. ‘‘मागची शीट म्हणजे इन्सुलेशन. ती कापली गेली तर ओल शिरते, शॉकही बसू शकतो.’’ दहा पॅनेलना त्याला वीस मिनिटं लागली. माझे तीन तास झाले होते.

माझ्या वहीत अकरा बुडबुडे होते. त्यानं ओलं फडकं फिरवलं. अकराही बुडबुडे फडक्यावर आले. ती धूळ होती. गोल मात्र हलेनात. मी तारेची घासणी आणायला धावलो, तर तो ओरडला, ‘‘नको, काचेवरचा थर जाईल!’’

मग मी वॉरंटीचा कागद उघडला. केवळ दिसण्यातले दोष तिच्यात बसत नव्हते. पावतीवर ‘डाग किती’ असा रकाना होता. पोरानं पेन उचललं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘येतानाचे लिहू, की आत्ताचे?’’

मी मुकाट सही केली. सातवं पॅनेल माझ्या तीन गोलांसकट परत गेलं, त्यामुळे छतावर आता आठच गोल उरलेत.