हरणं मोजायची तर शेतकऱ्याला विचारून मोजा

हुरड्याचा सीझन आला की सोलापूरकरांच्या गाड्या नान्नज-मार्डीकडे वळतात. हुरडा, शेंगाचटणी, आणि परतताना काळविटांच्या कळपाचे फोटो. ज्याच्या ज्वारीत तो कळप उभा असतो, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. माझ्या मते हरणांबद्दल सगळ्यात जास्त माहिती त्याच्याकडेच आहे.

नान्नजचं हे अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते माळढोक पक्ष्यासाठी. ८,४९६ चौरस किलोमीटरची हद्द पुढे १,२२२ वर आली, आणि तीतही खासगी शेतीच जास्त. म्हणजे काळवीट राहतं शेतकऱ्याच्या रानात. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर गणना होते, ती लांडगा-तरसासाठी ठीक. पण काळवीट दिवसा चरणारं जनावर! खरिपाची उगवण ते हरभऱ्याचे घाटे, या काळात कळप कुठून कुठे सरकतो हे वैशाखातल्या एका रात्रीत कसं कळणार?

म्हणून गावानेच वही ठेवावी. तारीख, वेळ, शेताचा गट नंबर, पीक, कळपात किती. शिंगं नराला असतात, पण रंगावर जाऊ नका. शिंगं आहेत आणि अंग अजून तांबूस, तर तो तरणा नर. आपल्या इलाख्यावर ताबा धरलेला काळा नर एकाच जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकतो, ती जागाही लिहा. कोणत्या रानात दरवर्षी नुकसान होतं, हे अशा दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून दिसतं. मग कुंपणाला अनुदान कुणाला आधी, हे भांडण न करता ठरवता येईल.

पीक खाल्लं तर ३ दिवसांच्या आत वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. 'मिळतात किती, हेलपाटेच जास्त' हे मलाही मान्य. तरी करा. अर्जच नसेल तर कागदावर तुमच्या गावात नुकसान शून्य.

गवतात एकटं पाडस दिसलं तर उचलू नका. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. घरी आणून बाटलीने दूध पाजणाऱ्यांना प्रेमळ म्हणायची आपली सवय सोडायला हवी. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. जखमी जनावर दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा. बिनकठड्याच्या विहिरी आणि मोकाट कुत्री, हे दोन विषय ग्रामसभेत घ्याच.

आणि हो, शहरातल्या मंडळींनो, माळावर झाडं लावायला येऊ नका! काळविटाचा जीव त्याच्या नजरेवर आणि पळण्यावर. त्याला मोकळं गवत लागतं. झाडं सोलापुरात लावा, तिथे सावलीची गरज आहे.

कारंबा, अकोलेकाटी, मार्डी, कुठेही अशी वही सुरू करणार असाल तर कळवा. रविवारी सकाळी यायला मी तयार आहे, दुर्बीण माझी.