आकाशगंगेचे ते ‘छायाचित्र’ आणि भुजांमधली न सापडणारी पोकळी

एक चित्र गेली अनेक वर्षे हातोहात फिरते आहे. काळ्या पार्श्वभूमीवर निळसर भुजांची चकती, मध्यभागी पिवळसर दांडा आणि एका भुजेवर टेकवलेला बाण: ‘आपण इथे आहोत’. सोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: हे आपल्या आकाशगंगेचे छायाचित्र आहे; तिच्या सर्पिल भुजांचा नकाशा आता पूर्ण झाला आहे; तारे या भुजांमध्येच असतात आणि दोन भुजांच्या मध्ये पोकळी असते; आपली सूर्यमाला जन्मापासून याच भुजेत आहे. भुजा म्हणजे साम्राज्यांचे प्रांत आणि मधली पोकळी म्हणजे जहाजांना पार न होणारा समुद्र, ही मांडणी विज्ञानकथांमुळे इतकी रुळली आहे की या मजकुरावर शंका घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. कथेत ती कल्पना शोभते. वस्तुस्थिती म्हणून ती पुढे पाठवली जाते, तेव्हा मात्र तिचे एकेक विधान तपासणे भाग आहे.

छायाचित्राचा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. आकाशगंगेच्या चकतीचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे आणि आपण त्या चकतीच्या आतच, केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहोत. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. या वेगाने एक प्रकाशवर्ष कापायला साडेसतरा हजार वर्षे लागतात. संपूर्ण चकती एका नजरेत मावावी म्हणून ५० हजार प्रकाशवर्षे वर जायचे ठरवले, तर प्रवासाला ८७-८८ कोटी वर्षे लागतील. म्हणजे असे छायाचित्र कोणीही काढलेले नाही. सर्वाधिक फिरणारे चित्र नासाच्या स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या निरीक्षणांचा आधार घेऊन रॉबर्ट हर्ट यांनी २००८ मध्ये तयार केलेले रेखाटन आहे. काही वेळा तर भलत्याच दीर्घिकेचे छायाचित्र ‘आपली आकाशगंगा’ म्हणून खपवले जाते.

पोकळीचे विधान अधिक खोलात जाऊन पाहायला हवे, कारण ते दिसते तितके निराधार नाही. देवयानी किंवा अन्य दीर्घिकांच्या छायाचित्रांत भुजा खरोखरच उजळ आणि मधले पट्टे काळसर दिसतात. परंतु भुजांचा उजेड प्रामुख्याने अतितप्त निळ्या ताऱ्यांचा आणि त्यांच्यामुळे चमकणाऱ्या वायूचा असतो. मृग नक्षत्रातल्या राजन्यासारखा एक महातारा हजारो सूर्यांहून तेजस्वी असतो आणि काही दशलक्ष वर्षांतच संपतो. वायू दाटला की असे तारे भुजेत जन्मतात आणि आयुष्य इतके कमी असल्यामुळे तिथून फार दूर जाण्याआधीच विझतात. सूर्यासारखे आणि त्याहून फिकट, दीर्घायुषी तारे मात्र चकतीभर पसरलेले असतात. त्यांची संख्या भुजांमध्ये थोडीच जास्त भरते. सूर्य ज्या भागात आहे तिथेही दहा प्रकाशवर्षांच्या आत जेमतेम अकरा-बारा तारे आहेत आणि सर्वांत जवळचा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. दोन भुजांच्या मधल्या प्रदेशात उभे राहिलेल्या निरीक्षकाला आपल्यासारखेच ताऱ्यांनी भरलेले आकाश दिसेल. जवळपासचे प्रखर निळे तारे आणि तेजोमेघ तेवढे कमी असतील. एका भुजेतून दुसरीत जाणाऱ्या काल्पनिक जहाजाला वाटेत ताऱ्यांचा दुष्काळ भोगावा लागणार नाही.

यातूनच चौथे विधानही कोसळते. भुजा ही ताऱ्यांची कायमची वसाहत असती, तर तिचा आकार टिकलाच नसता. आकाशगंगेच्या बहुतेक भागात ताऱ्यांचा वेग जवळपास सारखा असतो, त्यामुळे केंद्राजवळच्या ताऱ्याची फेरी लवकर पूर्ण होते. सूर्याला एका प्रदक्षिणेला सुमारे २२ ते २३ कोटी वर्षे लागतात; त्याच्या निम्म्या अंतरावरच्या ताऱ्याला साधारण निम्मा काळ पुरतो. सूर्याच्या ४६० कोटी वर्षांच्या आयुष्यात त्याच्या सुमारे २० फेऱ्या झाल्या, तेवढ्यात आतल्या ताऱ्याच्या ४० झाल्या असतील. तेच तारे कायम एकाच भुजेत राहिले असते, तर ती भुजा घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळली जाऊन केव्हाच ओळखू येईनाशी झाली असती. या अडचणीवर सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये घनता-तरंगाची मांडणी पुढे आणली: भुजा ही दाटीची लाट आहे आणि तारे व वायू तिच्यात शिरतात आणि पुढे निघून जातात. आधुनिक संगणकीय प्रतिरूपांत भुजा तयार होताना, तुटताना आणि पुन्हा जुळताना दिसतात, आणि त्या किती काळ टिकतात यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एकच तारकासंच कायम धरून ठेवणारी भुजा मात्र यातल्या कोणत्याच मांडणीत बसत नाही.

आता नकाशा ‘पूर्ण’ झाल्याचे विधान. येथे दोन टोके टाळावी लागतात, कारण छायाचित्र खोटे आहे हे कळल्यावर काहीजण सगळा नकाशाच कल्पित आहे असे म्हणू लागतात. ते पहिल्या दाव्याइतकेच चुकीचे आहे आणि नकाशा करणाऱ्यांच्या कष्टांवर अन्याय करणारे आहे. अडथळा आहे तो धुळीचा. केंद्राच्या दिशेने निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक लाख कोटी कणांपैकी एकच आपल्यापर्यंत पोहोचतो. म्हणून १९५१ मध्ये विल्यम मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तप्त निळे तारे आणि तेजोमेघ यांच्या अंतरांवरून भुजांचे पहिले खात्रीचे तुकडे दाखवले, ते सूर्याच्या परिसरातलेच होते. त्याच वर्षी हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओ लहर टिपली गेली. तिला धूळ अडवत नाही. १९५८ मध्ये ऊर्ट, कर आणि वेस्टरहाउट यांनी तिच्या आधारे हायड्रोजनचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात केंद्राच्या आणि त्याच्या विरुद्ध दिशेला कोऱ्या पाचरी आहेत. रेडिओ लहरीवरून वायूचा वेग कळतो आणि वेगावरून अंतराचा अंदाज बांधावा लागतो. या दोन दिशांना वायू आपल्या दृष्टिरेषेला आडवा जात असल्याने तो अंदाज बांधताच येत नाही.

वेगावरून काढलेले अंतर किती फसवू शकते याचे उदाहरण ययाती भुजेने दिले. तिच्यातल्या एका तारकानिर्मितीच्या प्रदेशाचे अंतर या पद्धतीने सुमारे १४ हजार प्रकाशवर्षे येत असे. २००६ मध्ये पराशयाने थेट मोजले तेव्हा ते सुमारे ६,४०० प्रकाशवर्षे निघाले. पराशयाची पद्धत गृहीतकांवर चालत नाही: पृथ्वी सूर्याच्या एका बाजूला असताना आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या बाजूला असताना त्या प्रदेशातल्या रेडिओ मेसरची (तीव्र रेडिओ लहरी सोडणाऱ्या वायूच्या नैसर्गिक ठिपक्याची) जागा किती सरकली ते मोजायचे आणि त्रिकोण सोडवायचा. अमेरिकेतील व्हीएलबीए आणि जपानमधील वेरा या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यांनी २०१९ पर्यंत अशी सुमारे २०० अंतरे मिळवली. त्यातून चार प्रमुख भुजांची रूपरेषा ठळक झाली, आणि आपली मृग भुजा, जी २००८ च्या रेखाटनात आखूड फाट्यासारखी दिसते, ती २० हजार प्रकाशवर्षांहून लांब असल्याचेही कळले. म्हणजे पुढे पाठवले जाणारे चित्र छायाचित्र तर नाहीच, पण रेखाटन म्हणूनही मागे पडले आहे.

गाया या युरोपीय उपग्रहाने २०१३ ते २०२५ या काळात जवळपास १८० कोटी ताऱ्यांचे सर्वेक्षण केले, आणि सूर्याभोवतीच्या काही हजार प्रकाशवर्षांचे आपले ज्ञान त्यामुळे अतोनात सुधारले. तो दृश्य प्रकाशात पाहत असल्याने धुळीपलीकडचे आकाश मात्र त्याच्याही आवाक्याबाहेर राहिले. केंद्रापलीकडच्या, सुमारे ६६ हजार प्रकाशवर्षांवरच्या एका मेसरचा पराशय २०१७ मध्ये मोजला गेला. तो कोन एका अंशाचा सुमारे सात कोटीवा भाग आहे. त्या बाजूला असे ठिपके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि नकाशातल्या बाकीच्या रेषा अलीकडच्या भुजांना पुढे वाढवून काढल्या आहेत. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला अज्ञात प्रदेश हवा असेल, तर तो इथे खराखुरा उपलब्ध आहे. नरतुरंग आणि नौकातल या दक्षिणेकडच्या तारकासमूहांच्या दिशेने जाणाऱ्या भुजांवरही मोजमाप विरळ आहे, कारण व्हीएलबीए आणि वेरा या दोन्ही जाळ्या उत्तर गोलार्धात आहेत आणि त्या आकाशाचा मोठा भाग त्यांच्या क्षितिजावर येतच नाही.