काकी हिंमत हरली नव्हती

"मन खंबीर ठेव गो, सगळा बरा होतला." आमच्या मालवण-कुडाळकडे कॅन्सरच्या पेशंटला भेटायला येणारं प्रत्येक माणूस हे म्हणतं. मायेने म्हणतं, हे मला मान्य आहे. पण तीच माणसं बाराव्याला पानावर बसून "तिने हिंमतच सोडली" असं म्हणतात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझ्या काकीला तोंडाचा कॅन्सर होता. लग्न होऊन आली तेव्हापासून दात मिश्रीने, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने, घासायची. निदान झालं तेव्हा गाठ गळ्यापर्यंत उतरलेली. ऑपरेशननंतर बोलता येईना, म्हणून नातवाची पाटी उशाशी असायची. कुणी आलं की ती गालावर पदर ओढून डोळ्यांनी हसायची. एका दुपारी पाहुणे पायऱ्या चढताना दिसले, तेव्हा तिने पाटीवर लिहिलं, "माका आज हसाक जमाचा नाय." तरी हसलीच.

हे हसण्याचं ओझं तिच्यावर कशासाठी? 2007 साली अमेरिकेतल्या जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या 1,093 पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले 646 जण वारले होते. मनाने उभारी धरलेले जास्त जगले, असं काही त्यात आढळलं नाही. त्याआधी, 1989 मध्ये, डेव्हिड स्पीगल यांच्या, पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या 86 बायकांच्या अभ्यासात गटाने बसून मन मोकळं करणाऱ्या जवळपास दुप्पट जगल्याचं दिसलं होतं. सगळ्यांना आशा वाटली. पण 2001 मध्ये कॅनडात 235 बायकांवर तोच प्रयोग केला तेव्हा आयुष्य वाढलं नाही. मनाचा त्रास आणि दुखणं मात्र कमी झालं, खास करून आधीच फार खचलेल्या बायकांचं.

मला तेवढं पुरेसं वाटतं. दुखणं कमी होणं काय थोडं आहे? खचलेलं माणूस रेडिएशनची तारीख चुकवतं, जेवण टाकतं, त्यासाठी सोबत हवीच. पण गाठ वाढली ती मिश्रीने आणि उशिरा झालेल्या निदानाने, काकीच्या रडण्याने नव्हे.

भेटायला जाल तेव्हा धीराचे डोस देऊ नका. पातळ पेज गाळून न्या. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फेरीला गाडीत सोबत कोण आहे ते विचारा, नसेल तर तुम्ही जा. तिला रडायचं असेल तर रडू द्या. आणि घरात कुणाच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या.