फोन लाव, नगरसेवक आहेस ना!

निकालाचा गुलाल अजून सद्याच्या कानामागं होता, तोवर बंड्यानं पहिली मागणी टाकली. "उद्या अतिक्रमणवाले मामाच्या पत्राशेडवर येतायत. क्षेत्रीय कार्यालयात फोन लाव. नगरसेवक आहेस ना आता?"

सद्यानं मोबाइल काढलासुद्धा. वकील म्हणाला, "लाव. पण पद जायची तयारी ठेव. १९४९ चा महापालिका अधिनियम, कलम १०. बेकायदा बांधकामाला मदत केलीस, किंवा पाडायला आलेल्यांना पत्र देऊन नाहीतर आडवं पडून अडवलंस, तर अपात्र."

"फोन म्हणजे पत्र थोडंच आहे?"

"मदत तर आहे!"

बंड्या भडकला. "मग मतं कशाला दिली? सही आयुक्तांची, पैसा आयुक्तांच्या हातात. हा नुसता हात वर करणार?"

मास्तर इतका वेळ गप्प होते. "आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी स्थायी समितीपुढं येतं, मग मुख्य सभेपुढं. गटाराला पैसे तिथं पडतात. मार्च २०२२ पासून पुण्यात प्रशासकच सगळं बघत होते, सभागृहात उठून विचारायला कुणी नव्हतं. ते आता आलंय."

"स्थायीत सोळाच जण. या नवख्याला कोण घेतंय?"

"दरवर्षी निम्मे बाहेर पडतात. धीर धर."

मास्तरांचं मला पटलं, पण अर्धंच. आपल्याकडं एका प्रभागात चार-चार नगरसेवक. तुंबलेल्या गटारासाठी माणूस एकाकडं गेला की तो म्हणतो, "ते काम त्यांच्याकडं." चौघंही मोकळे! मग लोक फोन उचलणाऱ्यालाच नगरसेवक मानतात, त्यात त्यांचं काय चुकलं? अर्थात मामानं परवानगी काढली नव्हती, हे खुद्द मामाही कबूल करतो. (तो कट्ट्यावर आला नव्हता, यातच सगळं आलं.)

सद्यानं मोबाइल खिशात टाकला. "फोन करत नाही. मामाला नोटीस रीतसर दिली होती का, ते कागद बघून सांगतो. आणि चौकातल्या हॉटेलनं अख्खा फुटपाथ गिळलाय, त्याला नोटीस का नाही, हे मुख्य सभेत लेखी विचारतो."

"हॉटेल कुणाचंय, ठाऊक आहे ना?"

"आहे की. प्रचाराला जीप त्याचीच होती."