कॉलीला आयव्हरमेक्टिन दिल्याच्या तक्रारीबद्दल दवाखान्याचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. त्यातली तक्रार थोडक्यात अशी: तुमच्या 20 किलोच्या कॉली कुत्रीला आम्ही हार्टवर्म (डासांमुळे होणारे हृदयातले जंत) होऊ नये म्हणून आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाची गोळी दिली. हे औषध कॉली जातीला विषासारखं असतं, असं तुम्हाला नंतर समजलं. गोळीच्या आधी आम्ही विनाकारण रक्ततपासणी करायला लावली. गुरांसाठी मिळणारं स्वस्त इंजेक्शन तुम्ही मागितलंत, तर आम्ही साफ नकार दिला. शेवटी तुम्ही लिहिलंय की उरलेल्या गोळ्या फेकून दिल्या आणि दोन महिने काहीही दिलेलं नाही.

एका स्टारचं वाईट वाटलंच. पण खरी काळजी त्या शेवटच्या वाक्याची वाटली, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे. तिची फाइल मी इथे चारचौघांत उघडणार नाही, तुम्ही स्वतः जे लिहिलंत तेवढ्यापुरतंच बोलेन.

तुम्ही जे वाचलंत त्याला आधार आहे. कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलँड शीपडॉग अशा कळप राखणाऱ्या जातींमध्ये एमडीआर1 नावाच्या जनुकात बिघाड आढळतो. 2001 मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या कॅट्रिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला. जनुकाच्या साखळीतली फक्त चार अक्षरं गळालेली असतात, पण तेवढ्याने पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन अर्धवटच तयार होतं. हे प्रथिन म्हणजे मेंदूच्या दारावरचा रखवालदार. रक्तातून मेंदूत शिरू पाहणारी काही औषधं ते लगेच बाहेर ढकलतं. ते नसेल तर औषध मेंदूत साठत जातं. मग कुत्रं झोकांड्या खातं, लाळ गाळतं, बुबुळं मोठी होतात, कधी दिसेनासं होतं, अंग थरथरतं, आणि डोस मोठा असेल तर बेशुद्ध पडतं. यावर उतारा असं औषध नाही. सलाइन, उबेची सोय, गरज पडली तर कृत्रिम श्वास, आणि औषध शरीरातून जाईपर्यंत वाट पाहणं एवढंच हातात उरतं. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. कॉलींमध्ये दहातल्या साधारण सात कुत्र्यांत या बिघडलेल्या जनुकाची निदान एक प्रत असते, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये निम्म्यांत. त्यामुळे तुमची भीती मला अजिबात अवाजवी वाटत नाही. कॉली पाळणाऱ्या प्रत्येकाला ती असायला हवी.

मात्र तुम्ही जिथे वाचलंत तिथे डोस दिलेला नव्हता, आणि इथे सगळं डोसवर ठरतं.

हार्टवर्म टाळण्यासाठी आयव्हरमेक्टिन महिन्यातून एकदा, किलोमागे किमान 6 मायक्रोग्रॅम द्यायचं असतं. तुमच्या कॉलीच्या वजनाच्या गटाची गोळी 136 मायक्रोग्रॅमची आहे, पाकिटाच्या पाठीमागे तसं छापलेलं असतं. हे औषध सहन न होणाऱ्या कॉलींवरच मुद्दाम चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांच्यात शिफारशीच्या दहापट डोसलाही विषबाधेची लक्षणं दिसली नाहीत. तुमच्या कॉलीच्या वजनाला दहापट म्हणजे एका वेळी जवळपास नऊ गोळ्या. लक्षणं दिसू लागतात ती किलोमागे 100 मायक्रोग्रॅमच्या आसपास. खरजेसाठी पूर्वी सर्रास द्यायचे तो डोस किलोमागे 300 ते 600 मायक्रोग्रॅमचा, आणि कॉलींच्या मृत्यूच्या ज्या गोष्टी तुम्ही वाचल्यात त्या बहुतेक या मोठ्या डोसच्या असतात. तो डोस आमच्या दवाखान्यात जनुकाची तपासणी केल्याशिवाय कळप राखणाऱ्या जातीच्या कुठल्याही कुत्र्याला दिला जात नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

आता इंजेक्शनचं. गुरांच्या त्या बाटलीतही आयव्हरमेक्टिनच असतं, हे कदाचित तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ते सहसा एक टक्क्याचं असतं, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 10,000 मायक्रोग्रॅम. 70 हून अधिक गोळ्यांइतकं औषध त्या एका मिलीलीटरमध्ये. तुमच्या कॉलीला त्यातलं लागलं असतं फक्त 0.012 मिलीलीटर, एका थेंबाच्याही बरंच कमी. सिरिंजमध्ये एवढं मोजताच येत नाही. सिरिंजच्या सुईत आणि टोकाशी जे अडकून राहतं ते याहून जास्त असतं. हात जरा सैल पडला तर ज्या विषबाधेच्या भीतीने तुम्ही गोळ्या फेकल्यात तीच आम्ही तिच्या कातडीखाली टोचली असती. त्या दिवशी काउंटरवरच्या आमच्या सहकाऱ्याने नाही म्हटलं ते तिच्यासाठी. पुढेही आम्ही नाहीच म्हणू.

घोड्यांच्या जंतनाशक पेस्टचंही असंच आहे. घोडे किंवा गुरं जवळपास असतील तर पेस्टची वापरलेली नळी आणि नुकतंच औषध दिलेल्या जनावराचं शेण, दोन्ही कॉलीच्या तोंडापासून लांब ठेवा. शेणात औषध तसंच उतरतं, आणि कुत्री ते आवडीने खातात.

रक्ततपासणीचा राग मी समजू शकते, कारण कुत्रं बाहेरून ठणठणीत दिसत असतं. पण मासिक गोळी मारते ती डासाने सोडलेल्या कोवळ्या अळ्या. हृदयात आणि फुप्फुसाच्या धमन्यांत वाढलेले जंत, ज्यांतली मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब होते, ते या गोळीने चटकन मरत नाहीत. शिवाय त्या जंतांची सूक्ष्म पिल्लं रक्तात भरपूर असतील आणि गोळीने एकदम मोठ्या संख्येने मेली, तर कुत्र्याला शॉकसारखी प्रतिक्रिया येऊ शकते. हे आधी कळावं म्हणून तपासणी. ती निगेटिव्ह आल्यावरच आम्ही गोळी सुरू करतो.

काही मालक विचारतात की आयव्हरमेक्टिन सोडून मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन किंवा सेलामेक्टिन घेतलं तर? घ्या ना, त्यांतलं कुठलंही मी आनंदाने लिहून देईन. पण ही सगळी एकाच कुळातली औषधं आहेत, आणि मोठ्या डोसमध्ये तीही अशा कुत्र्यांना बाधू शकतात. हार्टवर्मसाठी लेबलवर दिलेल्या डोसमध्ये ती सुरक्षित आहेत, आयव्हरमेक्टिनसारखीच. तुमच्या मनाला बरं वाटणार असेल तर बदलू. पिसवांसाठी स्पिनोसॅडची गोळी चालू असेल तर मात्र आवर्जून सांगा. खरजेच्या मोठ्या डोसच्या आयव्हरमेक्टिनसोबत ती दिली तर साध्या, जनुक शाबूत असलेल्या कुत्र्यालाही विषबाधा होऊ शकते.

ज्या औषधाची मला तुमच्या घरात खरी धास्ती वाटते त्याचा तुमच्या रिव्ह्यूत उल्लेखच नाही. लोपेरामाइड, माणसांची जुलाबाची गोळी. ती बहुतेक घरांत असते, चिठ्ठीशिवाय मिळते, आणि कुत्र्याला जुलाब झाले की कुणीतरी चांगल्या मनाने अर्धी गोळी देतं. जनुकात बिघाड असलेल्या कॉलीत ती मेंदूत शिरते आणि नेहमीच्या डोसलाही कुत्रं गुंगून पडतं. ही गोळी तिला कधीही देऊ नका. भूल देण्यापूर्वीच्या एसप्रोमाझिन आणि ब्यूटॉर्फनॉलचा डोस अशा कुत्र्यांत कमी करावा लागतो, आणि कॅन्सरवरच्या व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिनचाही. म्हणूनच मी एमडीआर1 तपासणीचा आग्रह धरते. गालाच्या आतून बोळा फिरवला की नमुना मिळतो, आयुष्यात एकदाच करावी लागते, आणि पुढे कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी तो कागद तिच्या उपयोगी पडतो.

आता दोन महिन्यांच्या खंडाबद्दल. मासिक गोळी पुढच्या महिन्याचं कवच नसते, ती मागच्या महिनाभरात शिरलेल्या अळ्या मारते. साधारण दोन महिन्यांत त्या अळ्या इतक्या वाढतात की गोळी त्यांच्यावर नीट चालत नाही. म्हणजे तुमच्याकडे वेळ कमी आहे. डास असतील तर आणखी थांबू नका. आमच्यावर विश्वास उरला नसेल तर दुसऱ्या कुठल्याही पशुवैद्याकडे जा, तिचे रिपोर्ट आम्ही त्यांच्याकडे लगेच पाठवू, पण या आठवड्यातच जा. हार्टवर्मची रक्ततपासणी आता एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा करावी लागेल, कारण नव्याने लागण झाली असेल तर प्रौढ मादी तयार होईपर्यंत ती तपासणीत दिसत नाही.

आमच्याकडेच येणार असाल तर फेकलेल्या गोळ्यांच्या बदल्यात नवं पाकीट आम्ही देऊ, त्याचे पैसे नकोत. पहिली गोळी दवाखान्यातच देऊ, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर तिच्याकडे लक्ष ठेवता येईल. चालताना तोल जातोय, बुबुळं मोठी वाटतायत, लाळ थांबत नाहीये, असं काहीही दिसलं तर वाट न बघता फोन करा, रात्र असली तरी. येताना शेवटची गोळी कधी दिली ती तारीख आणि घरात सध्या तिला देत असलेली सगळी औषधं, पिसवा-गोचिडांचीही, सोबत आणा.

आपली,
दवाखान्याची संचालक व पशुवैद्य