‘उतेना’चा मांगा आधी आला, तरी ॲनिमे त्यावरून बनलेला नाही
‘शोजो काकुमेई उतेना’ हा ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) चिहो साइतो यांच्या मांगावरून (जपानी कॉमिकवरून) बनवला, असा मजकूर सध्या फिरतोय. तारखा बघून कुणालाही तसंच वाटेल: मांगा १९९६ मध्ये ‘चाओ’ मासिकात सुरू झाला, ॲनिमे एप्रिल १९९७ मध्ये. पण दोन्हींचं मूळ ॲनिमेचे दिग्दर्शक कुनिहिको इकुहारा यांनी जमवलेल्या ‘बी-पापास’ या कलाकारांच्या गटात आहे आणि साइतो त्याच गटातल्या. शेवटही दोन्हींचे वेगळे आहेत.

ॲनिमेचा पहिलाच भाग बघा. नायिका उतेनाच्या मैत्रिणीने सायोंजीला लिहिलेलं प्रेमपत्र शाळेच्या सूचनाफलकावर झळकतं. हाच सायोंजी अँथी नावाच्या मुलीच्या थोबाडीत मारतो, जणू ती त्याच्या मालकीची. उतेना त्याला सरळ द्वंद्वाचं आव्हान देते. तिची बांबूची तलवार तुटते, तरी उरलेल्या तुकड्याने ती त्याच्या छातीवरचा गुलाब उडवते आणि द्वंद्व जिंकते!