टेंभा मिरवणाऱ्या नवऱ्याचं उत्तर

‘रोखठोक कोल्हापूरकर’ साहेब,

बायकोला एमडी मेडिसिनची सीट लागल्याचं मागच्या लेखात लिहिलं, त्यावर तुमची चार वाक्यं आली. एक, ‘बायकोच्या रँकवर नवऱ्यानं टेंभा मिरवणं कोल्हापूरच्या मातीला शोभत नाही.’ दोन, नीट-पीजी (एमबीबीएसनंतर एमडी-एमएसच्या प्रवेशाची परीक्षा) मी लिहिली तशी 720 गुणांची नसते. तीन, 2023 ला पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली होती, म्हणजे पेपर दिलेला कुणीही पात्र, मग स्पर्धा कसली? चार, सरकारी पैशावर शिकून गावाकडं कोण फिरकतं?

दुसरं मान्य. 200 प्रश्न, प्रत्येकी 4, म्हणजे 800. 720 गुण एमबीबीएस प्रवेशाच्या नीटचे. चूक माझीच.

आता टेंभा. टीका करा, कोण नको म्हणतंय? पण अनोळखी माणसाशी बोलायची ही रीत झाली? आणि टेंभा म्हणजे मशाल, साहेब. वरातीत मशाल धरणारा नवरदेव नसतो, हे मलाही कळतं.

कोल्हापूरच्या मातीचं मला शिकवू नका. खासबागेच्या मैदानात पोरगं कुस्ती मारतं तेव्हा अख्खी तालीम गुलालात न्हाते. तेव्हा वस्तादाला कुणी विचारतं का, ‘तुम्ही कुठं लढला?’ आणि 1886 साली अमेरिकेतून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींना नेमणूक कुणी दिली? कोल्हापूर संस्थानानं, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची. रुजू व्हायच्या आधीच त्या गेल्या, ते वेगळं. (गोपाळरावांशी माझी बरोबरी लावू नका. त्यांचा हात उठायचा.)

मी काय केलं, हेच विचारायचंय ना? माझी छपाईची मशीन घराखालीच आहे. बायकोचा अभ्यास चालू होता ते चौदा महिने संध्याकाळी सातनंतर मशीन बंद. लग्नसराईच्या पत्रिका शेजारच्याकडं गेल्या. 22 जून 2024 ला आम्ही परगावी लॉजवर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर. रात्री दहाच्या सुमारास बातमी आली, परीक्षा पुढं ढकलली. ती काही बोलली नाही. हॉलतिकीट चार घड्या करून पर्समध्ये ठेवलं आणि पंखा वाढवला. मी मात्र बाथरूमचा नळ सोडून रडलो. पेपर झाला 11 ऑगस्टला. हे तुमच्या टेंभ्यात बसतं का बघा.

शून्य पर्सेंटाइलचं म्हणाल, तर प्रवेशफेरीत उतरायची पात्रता वेगळी आणि सरकारी कॉलेजात मेडिसिन मिळणं वेगळं. एवढं कळत नसेल तर सोडा. गावाकडं यायचं ती आणि बाँड (शिकून झाल्यावर सरकारी सेवा करायचा करार) बघून घेतील.

गेल्या महिन्यात रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला तिला डबा घेऊन गेलो. पांढरा रस्सा थिजून वर चरबीची साय धरलेली. ॲप्रनच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ, घड्याळाच्या पट्ट्यावर बीटाडिनचा डाग. दोन घास खाल्ले आणि टेबलावर डोकं ठेवून झोपली. मी वाटी बाजूला सरकवली आणि बसून राहिलो. ते लिहिलं असतं तर तुम्हाला तोही टेंभाच वाटला असता.

काल तुमची प्रतिक्रिया तिला फोनवर वाचून दाखवली. ‘टेंभा’ला हसली, शहाणी. म्हणाली, आधी ते 720 दुरुस्त करा. केलंय.